आतून दार उचलणारी

या, जवळ या. आणखी थोडं सरका. ही गोष्ट मोठ्यानं सांगायची नाही.

गोष्ट खरी आहे. देवाला स्मरून सांगते, यात पदरचं एक अक्षर घातलेलं नाही. माझ्या सख्ख्या मामाच्या घरी हे घडलं. मामानं मला ते एकदाच सांगितलं...

आणि सांगताना तो माझ्याकडे बघत नव्हता. दाराकडे बघत होता.

शनिवार होता. संध्याकाळचे साडेसहा.

तुम्ही म्हणाल, ही काय भुतांची वेळ झाली? उजेड होता. मुलं गल्लीत चेंडू खेळत होती. समोरच्या शिंपीणबाईंचं मशीन खडखडत होतं. तेच तर सांगायचंय! अंधारात माणूस घाबरला तर त्यात नवल ते काय?

पण शनिवारच्या आधी त्या दाराची ओळख करून घ्या. दार कळल्याशिवाय गोष्ट कळायची नाही.

मामा किल्लीवाला. चौकात त्याचं कपाटाएवढं दुकान. तो आत बसला की दुकान भरलं. कोणाची तिजोरी अडली, कोणाचं पोर न्हाणीघरात कोंडलं, की धावले सगळे त्याच्याकडे. लहानथोर त्याला मामाच म्हणत. हट्टी कुलूपही त्याच्या हातात असं मऊ व्हायचं, जसं रडकं मूल आजीच्या मांडीवर.

आणि त्याच्या स्वतःच्या घराचं दार?

दिव्याखाली अंधार, दुसरं काय!

दोन खोल्यांचं घर, दार एकच. त्याला लॅच, म्हणजे ओढून घेतलं की आपोआप लागणारं कुलूप. वरची बिजागरी सैल झालेली, दार खाली झुकलेलं, आणि कुलपाची जीभ चौकटीतल्या पट्टीवर रुतून बसलेली. बाहेरून किल्ली घाला, हवी तेवढी पिळा... ढिम्म हलायची नाही. मुठीला धरून दार बोटभर वर उचललं तरच फिरायची. आणि बाहेरची मूठ बारा वर्षांपूर्वी निखळून पडलेली. तिच्या जागी नुसती दोन भोकं. मूठ उरली होती ती आतल्या बाजूला.

म्हणजे काय झालं? बाहेरच्यानं किल्ली फिरवायची आणि आतल्यानं दार उचलायचं. एका कुलपाला माणसं दोन!

आतलं माणूस म्हणजे आक्का. माझी मोठी मावशी, मामापेक्षा नऊ वर्षांनी मोठी. आईवडील लवकर गेले. आक्कानं मामाला वाढवलं, माझ्या आईचं लग्न लावून दिलं, आणि स्वतःचं राहूनच गेलं. मामाचंही राहिलं. शेवटी त्या दोन खोल्यांत बहीण-भाऊ दोघंच उरले.

रोज साडेसहाला मामा दारात उभा राहायचा. किल्ली घालायचा.

"आक्का, उचल!"

आतून आवाज यायचा, "थांब रे धाकट्या! पाय आहेत मला, चाकं नाहीत!"

मग तिची पावलं. स्वयंपाकघरापासून दारापर्यंत बरोबर अकरा. उजवा गुडघा दुखायचा, त्यामुळे एक पाऊल जड पडायचं आणि एक फरफटत यायचं.

धप्... सर्र. धप्... सर्र.

अकरावं पाऊल पडलं की दार बोटभर वर जायचं. आक्का म्हणायची, "उचललं!" आणि किल्ली फिरायची.

बारा वर्षं. रोज.

यातून एक गोष्ट झाली, ती कोणाच्या ध्यानातही आली नाही. दोघं मिळून बाहेर पडले, तर परत आत घेणार कोण? म्हणून बारा वर्षांत ते दोघं एकदाही बरोबर बाहेर गेले नाहीत. माझ्या लग्नाला मामा आला, आक्का घरी. मला मुलगी झाली तेव्हा आक्का आली, मामा घरी. "दार तसंच लोटून ठेवा आणि या की!" असं मी म्हटलं, तर आक्का म्हणाली, "घर उघडं टाकून जायला आम्ही काय वारा आहोत?"

तिचं मागणं एकच होतं. घरापासून दहा मिनिटांवर नदी. काठावर झाडाखाली एक लाकडी बाक. तिथं दोघांनी मिळून एकदा बसायचं.

"धाकट्या, ते दार एकदा नीट कर रे. नदीवर जाऊ."

"या रविवारी करतो."

"हा रविवार कुठं राहतो? पत्ता दे, मी जाऊन आणते त्याला."

"अगं, अर्ध्या तासाचं काम आहे ते!"

"म्हणूनच बारा वर्षं लागली. तासाभराचं असतं तर माझा जन्म गेला असता."

दोघं हसायचे. काम राहायचं.

मग एका मंगळवारी साडेसहाला आक्कानं दार उचललं. "उचललं" म्हणाली. दाराशेजारच्या खुर्चीवर टेकली. दम लागला म्हणाली. मामा पाण्याचा पेला घेऊन आला...

पेला घ्यायला हात पुढे आला नाही.

डॉक्टर म्हणाले, "दाराचा काही संबंध नाही. हे व्हायचंच होतं." मामानं मान डोलावली. पण माणसाच्या मनात जे अडकतं, ते डॉक्टरांच्या किल्लीनं उघडत नाही.

आम्ही सगळे काही दिवस तिथं राहिलो. मग एकेक करून निघालो. कामं कोणाला चुकली आहेत? सगळ्यांत शेवटी मी निघाले. मामा म्हणाला, "जा गं, मी काय लहान आहे?" मी रिक्षातून मागं वळून पाहिलं. तो दारात उभा होता, आणि दार पाठीनं अडवून धरलं होतं. लागू नये म्हणून.

दुसऱ्या दिवसापासून तो दुकानात जाताना कुलपाच्या जिभेवर चिंधी कोंबायचा आणि दार नुसतं लोटून घ्यायचा. घर उघडं टाकायला आता तो मोकळा होता. ओरडणारंच कोणी नव्हतं.

आक्काच्या चपला खुर्चीखाली तशाच होत्या. डावीचा तळ जास्त झिजलेला, सगळा भार त्या पायावर असायचा ना! मामानं त्या हलवल्या नाहीत. झाडतानाही त्यांच्या कडेकडेनं झाडायचा.

आणि मग तो शनिवार आला.

साडेसहाला मामा परतला. दार ढकललं...

दार लागलेलं होतं.

त्यानं पायाशी पाहिलं. चिंधी बाहेर पडलेली नव्हती. किल्ली घातली, फिरवली. ढिम्म. आता दुकानात परत जायचं, हत्यारं आणायची, दार फोडायचं. गल्लीभर हसू! किल्लीवाल्यानं स्वतःचंच दार फोडलं म्हणून.

त्याचं डोकं दाराला टेकलं. आणि बारा वर्षांची सवय तोंडातून आपोआप बाहेर पडली.

"आक्का, उचल..."

म्हटलं आणि त्याचा त्यालाच गहिवर आला. वळून निघणार, इतक्यात...

धप्... सर्र.

आत.

धप्... सर्र.

शिंपीणबाईंचं मशीन थांबलं होतं. मुलांचा चेंडू कुठं तरी गटारात गेला असावा, तीही गप्प होती. नुसती ती पावलं ऐकू येत होती. मामानं मोजली नाहीत. मोजायची गरजच नव्हती. अकरावं पडलं...

आणि दार बोटभर वर गेलं.

किल्ली फिरली.

आत कोणी नव्हतं. स्वयंपाकघरात कोणी नव्हतं. कॉटखालीसुद्धा पाहिलं त्यानं. मग त्याची नजर खुर्चीवर गेली. तिथं ती चिंधी ठेवलेली होती...

चार घड्या घालून.

मामानं आयुष्यात कधी चिंधीच्या घड्या घातल्या नाहीत. घडी करणारं माणूस त्या घरात एकच होतं.

तो घाबरला नाही का, असं मीही त्याला विचारलं. तेव्हा तो म्हणाला, "अगं, ज्या घरात स्वतःच्या खोकल्याचा आवाज मोठा वाटायला लागतो ना, तिथं आतून कोणी दार उघडलं, तर कोण आहे असं माणूस विचारत नाही. माणूस आत जातो."

त्यानं चिंधी टाकून दिली. सोमवारी जाताना दार मुद्दाम ओढून घेतलं. खट्ट.

दिवसभर दुकानात गिऱ्हाइकं चकित झाली. मामा गुणगुणत होता! साडेसहाला घाईघाईनं घरी आला.

"आक्का, उचल!"

उत्तर नाही आलं. हाकेला उत्तर पुढेही कधी आलं नाही. पावलं मात्र आली. धप्... सर्र. या वेळी कशी कोण जाणे, त्यानं मोजली.

चौदा.

आता बघा हं. घर तेवढंच. स्वयंपाकघराच्या मागच्या भिंतीपासून दारापर्यंत पावलं अकरा. त्यापलीकडे भिंत, भिंतीपलीकडे परक्याचं घर. मग ही वरची तीन पावलं...

कुठून आली?

मंगळवारी एकोणीस झाली. बुधवारी तीस. शुक्रवारी सत्तरच्या वर गेली. पहिली पावलं अगदी बारीक यायची, विहिरीच्या तळातून यावीत तशी. मग हळूहळू जवळ. मधे मधे थांबायची. दम खाल्ल्यासारखी. पुन्हा निघायची.

मामा बाहेर उभा. हातात किल्ली. लोक जायचे-यायचे. कोणी विचारलं तर म्हणायचा, "कुलूप जरा जड झालंय."

तिसऱ्या आठवड्यात शिंपीणबाई मापाची पट्टी गळ्यात तशीच ठेवून रस्ता ओलांडून आल्या. बाई तोंडानं फटकळ, मनानं लोणी.

"मामा, कुणाची वाट बघता हो रोज?"

"कुणाची बघणार? कुलूप अडतं."

"मला शिकवता? बारा वर्षं या खिडकीतून बघतेय मी तुमचं दार." मग त्यांचा आवाज खाली आला. "दार उघडताना तुमचा हात कुठं असतो?"

"किल्लीवर."

"आणि दुसरा?"

"पिशवीत."

"मग दार वर कोण उचलतं?"

मामानं पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

शिंपीणबाईंनी पदरानं तोंड पुसलं. "माझ्या शिलाया वाकड्या जायला लागल्यात. उद्यापासून मशीन मागच्या खोलीत नेतेय. राग नका धरू." दोन पावलं जाऊन त्या परत वळल्या. "आक्कांचा गुडघा फार दुखायचा हो, मामा. माझ्याकडे यायच्या तेव्हा पायरीवर बसूनच बोलायच्या. एवढं चालवत नव्हतं त्यांना."

बस्स. एवढंच म्हणाल्या आणि गेल्या.

मामाच्या काळजात ते रुतलं. इतके दिवस त्याच्या मनात एकच होतं, आक्का आली, आक्का आली. ती किती लांबून येते, हे तो मोजत होता खरा, पण मनावर घेत नव्हता.

तरी शनिवारी त्यानं दार ओढून घेतलंच. खोटं कशाला बोलू? लोभ होता. भूक लागलेल्या माणसाला पुढच्या घासाचाच विचार असतो.

साडेसहाला किल्ली घातली. या वेळी हाक मारताना त्याचा आवाज बारीक झाला.

"आक्का... उचल."

काहीच नाही.

पाच मिनिटं. दहा मिनिटं. मुलं चेंडू घेऊन घरी गेली. गल्लीतले दिवे लागले.

आणि मग फार फार लांबून...

धप्.

...सर्र.

मामा मोजत राहिला. शंभर. दोनशे. दोनशे चाळीसला पावलं थांबली. एवढा वेळ थांबली, की त्याला वाटलं आता येत नाही. मग पुन्हा निघाली. साडेतीनशे. आता श्वास ऐकू येत होता. तसाच... त्या शेवटच्या मंगळवारी खुर्चीवर टेकताना लागला होता, तसाच दम.

त्यानं दोन्ही तळवे दारावर टेकले. "आक्का, राहू दे. राहू दे गं. मी जातो दुकानात, हत्यारं आणतो. तू जा परत."

पावलं थांबली नाहीत. ती कशी थांबणार? धाकट्याला दाराबाहेर उभं ठेवून ती जन्मात कधी थांबली नव्हती.

सहाशे बारा.

दार वर जायला लागलं. थरथरत. अर्धं बोट गेलं आणि खाली बसलं. पुन्हा वर गेलं, पुन्हा बसलं. आत मुठीवर नखं घसरल्याचा आवाज आला...

तिसऱ्यांदा दार पुरतं वर गेलं. मामानं डोळे मिटून किल्ली फिरवली.

आत कोणी नव्हतं. तो खुर्चीसमोर जमिनीवर बसला, चपलांजवळ. म्हणाला, "उद्या रविवार आहे, आक्का. पत्ता सापडला."

रविवारी सकाळी चहासुद्धा न घेता त्यानं दुकानातून हत्यारांची पेटी आणून उघडली.

काम कसं असतं ते सांगते, कारण पुढचं त्याच्यातच आहे. दार खालून पाचर मारून वर उचलून धरायचं. बिजागरीचा एकेक स्क्रू काढायचा, ढिलं झालेलं भोक लाकडाच्या काड्या आणि सरस भरून बुजवायचं, आणि स्क्रू परत घट्ट बसवायचा. दार हलता कामा नये, हललं की सगळं वाकडं. म्हणून या कामाला दुसरं माणूस लागतं. मामा एकटाच होता.

तीन स्क्रू झाले. चौथा, शेवटचा, अर्धा आत गेला आणि पाचर सटकली.

दार खाली यायला लागलं. दोन्ही हात स्क्रूड्रायव्हरवर. स्क्रू वाकणार, भोक फाटणार, सगळं मुसळ केरात...

आणि दार थांबलं.

हलकं झालं. जणू कागदाचं. मग सावकाश बोटभर वर गेलं आणि तिथंच राहिलं. थरथर नाही, दम नाही.

दाराच्या मागून, अगदी जवळून, कोणीतरी म्हणालं,

"उचललं."

मामानं मागं डोकावून पाहिलं नाही. मला म्हणाला, "हातातलं काम सोडून बघायला गेलो असतो, तर तिनं मला शिव्या घातल्या असत्या." त्यानं स्क्रू पिळला. शेवटपर्यंत. मगच दाराचं वजन परत आलं, आणि ते घट्ट झालेल्या बिजागरीनं उचललं.

चौकटीतली पट्टी कानशीनं घासली. कुलपात पेन्सिलीच्या शिशाची पूड फुंकली. बाहेर नवी मूठ बसवली. दार लावलं, बाहेरून किल्ली घातली आणि दोन बोटांनी फिरवली. लोण्यातून सुरी जावी तशी गेली.

त्यानं घड्याळ पाहिलं. अठ्ठावीस मिनिटं लागली होती.

तेव्हा मामा रडला. आक्का गेली त्या दिवशी रडला नव्हता, तो तेव्हा रडला.

संध्याकाळी त्यानं धुतलेला सदरा घातला. दार उघडून धरलं आणि आत बघून म्हणाला, "चल आक्का. नदीवर जाऊ."

तो तसाच उभा राहिला. मनात मोजत. एक... दोन... तीन... पाऊल वाजलं नाही. सर्र नाही, धप् नाही. तरी त्यानं अकरा पुरे केले. मग दार ओढून घेतलं. खट्ट.

बारा वर्षांत पहिल्यांदा त्या घराला कुलूप लागलं, तेव्हा आत कोणी नव्हतं.

नदीवर तो बाकाच्या एका टोकाला बसला. बाक रिकामा होता, तरी टोकालाच. एक बाई आपल्या मुलाला घेऊन आली, बाकाजवळ येऊन थबकली, आणि "भरलंय रे, पुढे चल," असं म्हणून निघून गेली.

मामा एकटाच बसला होता.

अंधार पडायच्या आत तो परत आला. किल्ली घातली. हाक मारली नाही. एका हातानं दार उघडलं, दिवा लावला, आणि सवयीनं त्याची नजर खुर्चीखाली गेली.

चपला नव्हत्या.

जाताना होत्या. त्यानं स्वतः पाहिल्या होत्या. कुलूप त्यानं लावलं होतं, किल्ली त्याच्या खिशात होती. खुर्चीखाली धुळीत दोन कोऱ्या जागा तेवढ्या राहिल्या होत्या. डावी आणि उजवी.

त्यानं शोधल्या नाहीत. आजतागायत त्या मिळालेल्या नाहीत.

त्यानंतर त्या घरात पाऊल वाजलं नाही. मामा आता थकलाय. मध्यंतरी मी गेले होते, तेव्हाच त्यानं हे सांगितलं. सांगून झाल्यावर मी विचारलं, "मामा, मग आता बरं वाटतं ना?"

त्यानं दाराकडे पाहिलं. म्हणाला, "दार फार सोपं उघडतं गं आता."

मला त्या वाक्याचं काय करावं ते कळलेलं नाही. बाईला बाकावर कोण दिसलं, तेही कळलेलं नाही. ती सहाशे बारा पावलं कुठून आली, हे तर मी स्वतःला विचारतसुद्धा नाही. एवढं मात्र सांगते, माझ्या घराचं कुलूप कधी अडतं, घरी कोणी नसतं, आणि जिभेवर ते दोन शब्द येतात. मी ते गिळते. मोठ्यानं कधीच म्हणत नाही.

कोणी ऐकलं तर... त्या गुडघ्यानं तिला किती लांबून यावं लागेल!

तर माझी एवढी विनंती ऐका. आज तुम्ही घरी जाल, दार वाजवाल. आतून कोणी म्हणेल, "आले, आले, जरा थांब." तेव्हा चिडू नका. पावलं मोजा. आणि ती पावलं दारापर्यंत येतील, तेवढ्या वेळापुरती माझ्या आक्काची आठवण काढा.